चौसष्ट भोकांची नळी

"फेकली म्हंजे? चार शेर लाख फेकली?"

"उकिरड्यावर. जा, वेचून आना."

"मनकर्णे, डोक्शावर पडली काय तू? परवा खुशालरावची गाडी दारात येऊन उभी राहीन. अकोल्याले न्याले, त्याच्या वखारीत नळी टाकाले. मी शब्द देल्ला त्याले."

"मंग वापस घ्या. तुमचाच शब्द हाये, कोनी चोरला नाई."

सूर्यभान तांबटाने हातातला हातोडा ऐरणीशेजारी ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला. त्याला राग आला की हात जास्तच हळुवार चालत. ओसरीवर त्याची आई रुख्मिणीबाई अडकित्त्याने सुपारी कातरत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "बाईनं भट्टीत हात घातला का असंच होते."

हे बोलणं मनकर्णाबाईला लागायला हवं होतं. पण भट्टीत तिने हात घातला होता ही गोष्ट खरीच होती.

अमरावतीत कापसाचा जो कहर चालला होता, त्याचं हे दुसरं वर्ष. दूर अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस बंद झाल्यामुळे विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. ज्याच्याकडे चार भिंती आणि छप्पर, त्याची वखार झाली. गोठे गेले, रुईचे बोजे आले. तांबटांना भांड्यांची मागणी बेसुमार. ज्या घरांत मातीच्या घागरी होत्या तिथे तांब्याचे हंडे झळकू लागले. आणि दर पंधरा दिवसांनी कुठली तरी वखार जळायची. चिलमीची एक ठिणगी, की संपलं.

भगवंतराव वखारवाल्याने सूर्यभानला बोलावलं ते त्यामुळे. महादेवावर अभिषेकपात्रातून थेंबथेंब पाणी पडतं, तसं माझ्या रुईवर आगीच्या वेळी पडेल असं काही करता येईल का, एवढंच त्याने विचारलं. सूर्यभान आठ दिवस जेवताना ताटात रेघा ओढत राहिला. मग त्याने वखारीच्या आढ्याखालून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तांब्याची नळी टाकली. बाहेर उंच चौथऱ्यावर हौद, हौदाच्या तोंडाला चिंध्या गुंडाळलेला लाकडी दट्ट्या, दट्ट्याला दोर. दोर ओढला की पाणी नळीत आणि नळीच्या चौसष्ट भोकांतून खाली. भिंतीवर त्याने चुन्याची रेघ मारली: या रेघेच्या वर बोजा रचायचा नाही, नाही तर पाणी पसरायला जागा राहत नाही.

पहिल्या परीक्षेला मनकर्णा गेली होती, घागरी घेऊन. प्रत्येक चार भोकांखाली एक घागर. हौदाजवळची घागर भरून वाहू लागली तरी शेवटचीचा तळ ओला झाला नव्हता. तिथे जयवंता उभी होती. जयवंता वखारीत रुई निवडायला यायची, दोन घरं सोडून राहायची, आणि कुठेही गंमत असली की पुढे असायची. पदर पसरून, मान वर करून ती ओरडली होती, "माया इकडे पानी नाई आलं, वैनी!"

सगळे हसले होते. मनकर्णेने नवऱ्याला सांगितलं, "पंगतीत वाढ्यानं पयल्याच पानावर पातेलं उपडं केलं, तं शेवटचा उपाशीच उठनार. हौदाजवळची भोकं बारीक करा. जसजसं लांब, तसतशी मोठी." त्याने भोकं बदलली. घागरी सारख्या भरल्या. जयवंता डोक्यापासून भिजली आणि नाचली.

काम नीट झालं होतं. पण चिंध्यांचा दट्ट्या कितीही घट्ट ठोकला तरी झिरपतच असे, आणि नळीतून अधूनमधून थेंब पडायचे. रुईवर पिवळे डाग पडू लागले. त्यात वजन वाढवायला कापसावर पाणी मारणाऱ्यांना पकडायचा नवा कायदा आला होता. भगवंतरावाला धडकी भरली. त्याने निरोप पाठवला: थेंब बंद करा, नाही तर नळी उतरवा. सूर्यभान तेव्हा बाळापूरला देवळाच्या कळसाच्या कामावर. मनकर्णा तांबटाची मुलगी, तांबटाची बायको. तांबट गळतं भांडं पाहिलं की त्याचा हात लाखेकडेच जातो. ती शिडीवर चढली आणि तापल्या सळईने चौसष्टच्या चौसष्ट भोकांत लाख भरली. वरून तिने आणखी डोकं चालवलं. आता गळतच नाही, तर दट्ट्या काढूनच ठेवा. नळी कायम भरलेली राहू द्या. आग लागली की लाख आपोआप वितळेल, दोर ओढायला कोणी धावायला नको. भगवंतराव म्हणाला, "सूर्यभानपेक्षा तूच हुशार." सूर्यभान परत आल्यावर त्यालाही ते पटलं. मनकर्णेकडून हे ऐकून जयवंताने बाजूच्या बायकांना वर बोट करून सांगितलं, "आता आपल्याले भेव नाई. आगीनं लाख गेली का पानी आलंच समजा."

फाल्गुनात, भर दुपारी, वखारीच्या मागच्या कोपऱ्यात आग लागली. चुन्याची रेघ कोणी ओलांडली नव्हती. हौद काठोकाठ भरलेला होता. बायका दाराकडे पळाल्या. जयवंता पळाली नाही. पळणाऱ्यांपैकी एकीने नंतर सांगितलं, ती हात पसरून म्हणत होती, "थांबा वं, धावू नका, आता पानी येते."

पाणी आलं. छप्पर बसल्यावर, नळी वाकून खाली आल्यावर आलं. राखेवर चौसष्ट धारा पडत राहिल्या आणि त्यांचा चर्र आवाज गल्लीत तिसऱ्या प्रहरापर्यंत येत होता.

तेव्हापासून मनकर्णेच्या घरात काही ठिबकत नसे. चक्क्यासाठी दही फडक्यात बांधून खुंटीला लटकवणं तिने बंद केलं. ओलं धोतर वळचणीला टाकलं की ती जाऊन पुन्हा पिळायची. माठ पाझरू लागला की फोडायची. आठ महिन्यांत सात माठ गेले, कुंभार हसायचा. महादेवाच्या देवळात ती पायरीपर्यंत जाई आणि आतला थेंब ऐकून मागे फिरे. सासू म्हणे, बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नव्हतं. जयवंता तिला दिसत नव्हती, झाडावर नाही, विहिरीवर नाही. भरल्या उन्हात, भांडी घासताना, शेजारी कोणी नसताना, फक्त ऐकू यायचं. चिडून नव्हे, रडून नव्हे. त्या दिवशीसारखं, हसत.

माया इकडे पानी नाई आलं, वैनी.

आणि गल्लीत दुसरंच ऐकू यायचं. कोणी उशीर लावला, कोणी वेंधळेपणा केला, की लोक म्हणत, "जयवंतावानी काय उभी राह्यली?" तिचा नवरा नत्थुजी स्वतःसुद्धा म्हणे, "अक्कलच नव्हती तिले. चारजनी पळाल्या, हे उभी राह्यली." पोरीचं लग्न ठरवताना त्याला विचारलं गेलं होतं, मुलगी आईसारखी तर नाही ना.

"मले एक सांग," सूर्यभान म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आग लय होती, लाख कडक होती. या खेपेले मी मेन जास्त घालून राह्यलो. नरम होईन. जल्दी वितळेन. खुशालरावले तेच पाह्यजे, बंद भोकाची नळी. थेंब पडला तं तो पैलेच दिवशी उतरवीन. मंग तुले तरास कायचा हाये?"

मनकर्णा उठली. तिने भोकं पाडायच्या टोच्याच्या मुठीला बसलेली लाख सुरीने खरवडली. कोपऱ्यातून नळीचे दोन तुकडे आणले, वीतभर, एका बाजूने बंद. दोन्हींना एकेक भोक होतं. तिने लाखेत मेण कालवलं, सूर्यभान सांगत होता तेवढं, त्याहून थोडं जास्तच, आणि दोन्ही भोकं भरली.

"हे काय खेळ चाल्ला?" सासू म्हणाली.

"पाहा तं खरं."

एक तुकडा तिने रिकामा ठेवला. दुसरा पाण्याने भरला. दोन सांडशांत धरून दोन्ही भट्टीवर नेले. रिकाम्या नळीची लाख लगेच फुगली, काळी पडली, ओघळली. निखाऱ्यावर पडून तिचा वास सुटला. भरलेल्या नळीची लाख जशीच्या तशी होती. सूर्यभानने भाता थोडा चालवला. लाख चकाकली, बस. मनकर्णेचा सांडशीवरचा हात भाजत होता, तिने तो हलवला नाही. रुख्मिणीबाईचा अडकित्ता थांबला. पुष्कळ वेळाने, नळीतलं पाणी वाफाळू लागल्यावर, लाख मऊ पडली आणि एक धार निखाऱ्यात गेली.

"एवढ्यात आख्खी वखार जळते," मनकर्णा म्हणाली.

सूर्यभान नळीकडे पाहत होता. त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. कल्हईचं भांडं चुलीवर रिकामं राहिलं की कल्हई गोळ्या होऊन पळते, आणि पाणी घालून ठेवलं तर दिवसभर जाळ लावला तरी तिला काही होत नाही. हे तांबटाच्या घरातल्या लेकरालाही माहीत असतं. गिऱ्हाइकाला ते रोज हेच सांगत.

"पान्यानंच वाचवली लाख," तो म्हणाला.

"व्हय. मी नळी भरून ठेवा म्हटलं."

"तुले कधी समजलं हे?" सासूने विचारलं.

"आखाडात. वरनाचं पातेलं रिकामं राह्यलं चुलीवर. कल्हई गेली, तवा."

"आन् आता कार्तिक हाये."

मनकर्णेने सांडशा खाली ठेवल्या. समजलं त्या दिवशी तिने पातेलं परसात पुरलं होतं आणि वरण दुसऱ्या भांड्यात शिजवलं होतं.

सूर्यभानने दार लोटून घेतलं. भरदुपारी तांबटाचं दार कधी लोटलेलं नसतं. "आयक," तो म्हणाला. "झालं ते झालं. अकोल्याले भोकं मोकळी ठेवू. नळी हौदाकडे उतरती टाकतो, आन् हौदापाशीच, भिंतीच्या बाहेर, खालच्या अंगाले एक भोक करतो. झिरपलं का तिथूनच जाईन, रुईवर थेंब नाई. दोर दाराशी. चांगलं होईन. खुशालरावले सांगू, नवी रीत हाये. पन हे, लाखेचं, या भिंतीच्या भाईर जाऊ देऊ नको. उद्या गावाले समजलं का तांबटाच्या बायकोनं नळी बंद केली, तं वऱ्हाडात कोनी आपल्याले तपेलीले ठिगळ लावाले बोलावनार नाई. समजलं?"

"उतरती नळी चांगली हाये," मनकर्णा म्हणाली. "पन खालचं भोक बारीक ठेवा. नाई तं दोर ओढल्यावर पानी तिथूनच पळन."

"ठेवतो. बारीक ठेवतो. मंग गप राहाशीन न?"

"खुशालरावनं इचारलं, भोकं बंद कावून नाई, तं काय सांगसान? तो अमरावतीची नळी आयकून आला. सगळे त्याले सांगतेत, नळी चांगली होती, बाईच येडी निघाली. तो तुमाले मोकळी भोकं करू देईन? तुमी अकोल्याहून निघाले का लाख भरून घेईन कोनाकडूनबी. तिथंबी बाया असतीन निवडाले. त्याईले कोनी सांगीन, भेव नाई, थांबा."

"अवं, मंग तो नत्थुजी! घर जाळीन तो आपलं!"

"जाळो."

"बाई," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि या खेपेला तिची मान वर होती, "मेलेली माघारी येते काय?"

"नाई येत, मामी. पन ती येडी नव्हती. मी सांगतलं होतं तिले, पानी येते. तिनं माया भरोसा धरला."

तिने हात धुतले. भाजलेल्या बोटांना तूप लावलं. पदर नीट केला, लोटलेलं दार उघडलं आणि उंबऱ्यातून मागे वळून घरातल्यांना सांगितलं, "मी नत्थुजीच्या घरी चाल्ली. त्याच्या पोरीसमोर सांगीन, लाख मी भरली होती. परवा गाडीत मीबी बसनार, खुशालरावले मीच सांगीन. आजचा सैपाक तुमी पाहा."