मागं बसा, उस्ताद

सेलूले माह्या वावरातल्या खोलीत दोन चिजा भिंतीले टेकून उभ्या आहेत. एक बापाचा वखर, अन् दुसरी स्कीची जोडी. येणारा-जाणारा विचारते, "काहो भाऊ, ह्या फळ्या कायच्या?" मी सांगतो, बर्फावरून घसरायच्या. मंग तो बाहेर कपाशीकडं पाहते, वर तापलेल्या टिनाकडं पाहते, अन् माह्याकडं असा पाहते का याले ऊन लागलं. लागू द्या. ह्याच जोडीनं माहं जुनं उट्टं काढलं, म्हणून ती इकत घेऊन बापाच्या वखराशेजारी उभी केली.

फौजेत होतो तवा काश्मिरात मले स्की शिकवली. शिकवणारा उस्ताद पहाडातला, आवाज असा का बर्फ खचन. त्याचा एकच मंत्र: ताजा, भुसभुशीत बर्फ आला का मागं बसा, वजन टाचेवर घ्या, नाईतर स्कीचं टोक बुडते. माह्यानं तेच होत नव्हतं. मी लहानपणापासून वखरावर उभा राह्यलेला माणूस. बाप बैल हाकलायचा अन् मी वखरावर उभा, म्हणजे माह्या वजनानं खालची लोखंडी पास मातीत रुतून राहावी. जरा मागं कललं का पास वर येते, बैलाले ओझं हलकं लागते अन् ते पळत सुटतात. मंग मागून बापाची शिवी. ते आंगात असं मुरलं होतं का पायाखालची जमीन सरकली का मी आपसूक पुढं झुकायचो.

टीम निवडायच्या दिवशी नेमका ताजा बर्फ पडलेला. जुन्या, लांब, अरुंद स्की. मी पुढं झुकलो, टोकं बुडाली अन् मी तोंडावर. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणते, "अबे वर्धावाले, तुझसे नहीं होगा. जा, गाँव जाकर संतरे बेच!" सगळे दात काढून हसले.

पडलो त्याचं मले काई नाई, पडते माणूस. पण संत्री? अरे बाप्पा, आमच्या वावरात संत्र्याचं एक झाड नाई! कपाशी अन् तूर. माहं गाव कुठं, वावर कसं, याले कायचा पत्ता नाई, अन् हा मले संत्री विकायले धाडून राह्यला! त्या दिवशी मी डूख धरला, सापानं धरावा तसा. टीममधून गेलो, पण स्की सोडली नाई. सुट्टी मिळाली का उतारावर. एवढी चालवली का पुढं चांगले चांगले माह्या मागं राहू लागले.

फौज सुटली. आता कापूस वेचून झाला का मी दर हिवाळ्यात त्याच उतारावर पाहुण्यांले स्की शिकवायले जातो. अन् तिथं कोण? हाच उस्ताद, तोही निवृत्त. स्कीच्या दुकानाचा मालक वरच्या पहाडाचे पक्के पाहुणे दरसाल त्यालेच द्यायचा. माह्या वाट्याले खालचा उतार: पहिल्यांदा बर्फ पाहणारे, लोळणारे, फोटो काढणारे. उस्ताद रोपवेतून वर जाता जाता मले हात हलवून दाखवे. आंगाची आग होई, आग!

मागच्या हिवाळ्यात मालकानं नवी जोडी आणली. ऑल-माउंटन स्की, म्हणजे सगळ्या पहाडाची, कोणत्याही बर्फावर चालणारी. म्हणे, आता वरचे पाहुणे हीच चालवतीन, तर तुम्ही दोघं एकामागून एक वरून खाली या. जो हिले सांभाळन, वरचा पहाड त्याचा. मले पहाड तर पाहिजेच होता, पण त्याहून जास्त त्याचं नाक खाली पाहिजे होतं.

उस्ताद पहिला गेला. खोटं काऊन बोलू, वरच्या टणक बर्फावर तो वाघ होता. पण खाली झाडांमंधी गुडघाभर ताजा बर्फ आला अन् याची जुनी खोड उसळली. बसला मागं! स्की त्याच्या पायाखालून अशी पळाली का हा पाठीवर अन् पाय आभाळात.

मंग मी. वर टणक बर्फात तिची कड अशी रुतली का सुसाट वेगातही पाय थरथरला नाई. शर्यतीच्या अरुंद स्कीवानी ती झटकन बाजू बदलत नाई, जरा दमानं घेते, पण एकदा धरलं का सोडत नाई. मधात तुडवून ढेकळं झालेला बर्फ होता, तिथं हलकी स्की उडते, ही चिरत गेली. अन् खाली ताज्या बर्फात मी बापाच्या वखरावर उभा राहायचो तसाच उभा राह्यलो, नडगी बुटाले टेकून. रुंद, वर वळलेलं टोक आपसूक तरंगलं! माय वो, काय सुख ते! शिकाऊ माणसाले ही स्की दमवून टाकन, पण जो तिच्यावर वजन देऊन उभा राहते त्याची ती गुलाम होते.

उस्ताद आयकते कुठं? म्हणे, आणखी एक बारी. रोपवेत आम्ही दोघंच होतो. मान दुसरीकडं करून त्यानं हळूच विचारलं, "सुन, नीचे वाले बर्फ में तू कैसे खड़ा रहा?"

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मले काई विचारलं होतं. पुढं उभे राहा, एवढंच सांगायचं होतं. जिभेवर आलतं. मी म्हटलं, "पीछे बैठिए, उस्ताद. और पीछे. आप ही ने तो सिखाया था."

त्यानं मान डोलावली. खुश झाला गडी.

खाली सगळे जमले होते. तो आला, झाडांमंधी शिरला, अन् बसला मागं, आणखी मागं. असा आपटला का टोपी एकीकडं अन् स्की दुसरीकडं. हातपाय धड होते, पण बर्फात कमरेपर्यंत गाडला गेला. मालक पोट धरून हसून राह्यला होता, अन् माह्या वेळी हसले होते तसेच सगळे हसत होते. मले वाईट वाटलं का? काडीचं नाई.

माही सासुरवाडी आर्वीकडची, तिकडं संत्र्याचे बगीचे. दर हिवाळ्यात जाताना मी तिथून संत्री नेतो अन् एक रोज खिशात ठेवतो, ह्याच दिवसासाठी. मी त्याच्याजवळ गेलो, खाली वाकलो अन् संत्रं समोर धरलं.

"लीजिए उस्ताद. संतरे बेच रहा हूँ."

त्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाह्यलं, माह्या तोंडाकडं पाह्यलं, अन् मंग त्याले आठवलं.