तीनदा नको

डॉ. नागरत्ना येणेगुरे यांच्या कार्यालयात चहा न विचारता समोर यायचा, आणि तो पिऊ दिला जात नसे. पहिल्या भेटीत मला ही रीत माहीत नव्हती. मी कप उचलला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमी प्या की. तुमी पत्रकार. लग्नाचं कुणी असलं, तर मी हात धरते."

नवी पेठेत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेर संगणक आणि धाकटी बहीण कमल, आत त्या. मानसशास्त्राच्या डॉक्टर, पण सगळे अक्का म्हणत. आधी काही वर्षं त्या एका दवाखान्यात समुपदेशन करत होत्या. "बायका यायच्या. झोप नाही, भूक नाही, छातीत धडधड. खोदत गेलं की तळाशी लग्नाचा होकार निघायचा. दुसऱ्यानंच दिलेला. म्हटलं, नंतर गाठण्यापेक्षा आधीच गाठावं." म्हणून त्यांनी लग्न जुळवणारं संकेतस्थळ सुरू केलं. फोटो आणि पत्रिकेबरोबर तिथं स्वभावाचे चाळीस प्रश्न असत. उत्तरं जुळली की मुलाला आणि मुलीला घरच्या मोठ्या माणसाबरोबर नवी पेठेत यावं लागे.

तिथं चहा यायचा. मोठ्या माणसानं तीनदा आग्रह करायचा, मुलानं किंवा मुलीनं तीनदा नको म्हणायचं. कप तोंडाला लागला, की अक्का संमतीचा शिक्का खणात ठेवून द्यायच्या. "मराठीत नको म्हण, कानडीत बेडा म्हण, तेलुगूत वद्दु म्हण. पण तोंडानं म्हण. मान हलवलेली मी धरत नाही." पुष्कळ लोक हसत. चहाच्या एका कपावर बापासमोर अडकणारी मुलं किती असतात, हे त्या खोलीत बसल्यावर कळायचं.

त्यांच्यावर लेख लिहायला मी गेलो, त्या दिवशी सकाळी अकरा वाजता सांगोल्याहून एक कुटुंब आलं. वडील, थोरला भाऊ दत्ता आणि मुलगी अश्विनी. नावं बदलली आहेत. संकेतस्थळावर त्यांना कुंभारीचं स्थळ दिसलं होतं. नाव-गाव कळल्यावर त्यांनी अक्कांसाठी न थांबता पाव्हण्यांतून परस्पर बोलणी उरकली होती. त्याच दिवशी चार वाजता कुंभारीत सुपारी फुटायची होती. मुलानं मात्र एक अट घातली होती: अक्कांचा शिक्का हवा.

वडिलांनी डाळिंबांची पेटी टेबलावर ठेवली. "शिक्का मारा, अक्का. टेम्पोत माणसं बसल्यात."

अक्कांनी पेटी खाली ठेवायला लावली. चहा आला.

"घे बाळ," वडील म्हणाले.

"नको, तात्या."

"घे की. सकाळपासनं काय खाल्लं न्हाईस."

"नको."

"अगं घे म्हणतोय न्हवं!"

अश्विनीनं कप उचलला आणि घोट घेतला. अक्कांनी खण लावला.

वडील उभे राहिले. "एका कपावरनं सोयरीक मोडताय व्हय? माझी लेक कवाच माझ्या शब्दाबाहेर न्हाय."

"तेच तर बघतेय मी. बसा."

मग अक्कांनी तिची चाळीस उत्तरं उघडली. "राग आल्यावर तू काय करतेस? लिहिलंयस ते सांग." अश्विनीला सांगता येईना. दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. दत्ता खिडकीबाहेर बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मीच भरलाय फारम. मोबाइल माझ्याकडंच असतोय. बहीण कशी हाय, ते मला ठाव हाय की."

टेम्पोतून कुणीतरी केलेला फोन वडिलांच्या खिशात वाजत राहिला. त्यांनी तो घेतला नाही.

"चूक माझी," अक्का म्हणाल्या. "उत्तर कुणाच्या बोटानं दिलंय ते मी बघितलं नाही. आता शिक्का नाही म्हणून मुलाला मीच सांगते." त्यांनी स्वतःचा फोन उचलला. "अक्का, गावात तोंड दाखवता येनार न्हाय मला," एवढंच वडील म्हणाले. मघाचा आवाज उरला नव्हता.

"अक्का, फोन नका करू," अश्विनी म्हणाली.

"तात्यांसाठी?"

"न्हाय."

"मग मी करते."

"नको."

"पोरी, तुझ्या भल्यासाठीच करतेय."

"नको म्हणले की!" तिचा आवाज चढला. बाहेरच्या खोलीतून कमलताई दारात आल्या. "बघायला आले तवा गच्चीवर धा मिन्टं बोललाव आमी. त्यांनी इचारलं, ह्या फारमातलं एक तरी तुमचं हाय का? मी म्हणले, उंची. ते हसले. म्हणाले, मग शिक्का घिऊनच या. मला करायचंय हे लगीन."

अक्कांनी फोन खाली ठेवला. चाळीस प्रश्नांचा कोरा कागद अश्विनीपुढे सरकवला आणि बापलेकांना बाहेर बसवलं. तिला तास लागला. दुपारी एक वाजता शिक्का पडला आणि टेम्पो सुटला.

लेख छापून आला. त्यात हा प्रसंग नव्हता. अक्कांनीच नको म्हटलं होतं. त्या दिवसाचा निकाल त्यांना पटलेला नव्हता. "भीतीसुद्धा नको म्हणते, साहेब. भीतीचा आवाज मी एरवी ओळखते. त्या पोरीचा ओळखला की नाही, माहीत नाही." पुढं मी कधीही गेलो, की विचारायच्या, "सांगोल्याच्या पोरीचं काही कळलं?" फोन मात्र त्यांनी केला नाही. "मी विचारलं तर बरंय म्हणेल. तेवढ्यानं मला काय कळणार?"

गेल्या उन्हाळ्यात अक्का हृदयविकारानं गेल्या. पाचव्या दिवशी मी घरी गेलो, तेव्हा कमलताई येणाऱ्या प्रत्येकाला चहा देत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यात अश्विनी बसली होती. तिनं मला ओळखलं.

"अक्का कदी इचारायच्या का माझं?"

"दर वेळी."

"मग फोन का न्हाय केला?"

मी कारण सांगितलं.

"मीच यायला पायजे होतं," ती म्हणाली. "लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, बी.एड. सोड. तीनदा म्हणाल्या. मी मोजत हुते."

"मग?"

"गेल्या म्हयन्यात परीक्षा झाली की."

तेवढ्यात कमलताईंनी तिच्यापुढे कप धरला. "घे गं, लांबून आलीस."

"नको, ताई."

"अर्धा तरी."

"नको."

"घे, अक्काच्या नावानं."

अश्विनीनं त्यांच्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, "नको, ताई. पाणी द्या."

कमलताई कप घेऊन आत गेल्या. पाणी यायला वेळ लागला. आतून त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता.