मावशीनं फाडायला सांगितलेलं कार्ड

मावशीनं निरवांगीहून पाठवलेली पोस्टकार्डं आईनं काटेवाडीच्या घरी तारेत ओवून ठेवली होती. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि मावशी नुकतीच लिहायला शिकली होती. गावात झेंडा लागला तेव्हा साखर वाटली. बायकांनी ते माळवदावरून बघितलं. कापड रेशनवर होतं. पंचायत आली, मावशीचा नवरा सरपंच झाला. कुठल्याशा कागदावर मावशीची सही घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

एक कार्ड वेगळं होतं. मजकूर मला पाठ आहे. ‘मागल्या महिन्यात देवीची लस टोचणारा आला होता. बाळाला टोचून घेतलं. थोरली शेरडांमागं गेली होती. हे म्हणाले, पोरीचं पुढच्या फेरीला बघू. काल थोरली देवीनं गेली. वाचून फाडून टाक.’

मयताचं पत्र घरात ठेवत नाहीत. आईनं ठेवलं.

त्यातलं बाळ म्हणजे माझा मावसभाऊ. आता पंचाहत्तरीचा आहे. वडिलांच्या जन्मशताब्दीची स्मरणिका काढायची म्हणून गेल्या महिन्यात त्यानं जळोचीला माझ्या घरी येऊन कार्डांची ती तार नेली. मी फोटो काढून ठेवले नाहीत. चाळीस वर्षं वर्तमानपत्रात काम करून ही चूक केली.

काल निरवांगीला गेले. तारेवर ते कार्ड नव्हतं.

“मयताचं पत्र घरात कुणी ठेवतं व्हय, आक्का? पाचटाबरोबर जाळून टाकलं. बाकीची हायत की सगळी.”

“तुझ्या सख्ख्या बहिणीचं होतं ते.”

“माझ्या आईनंच फाडाय सांगितलं हुतं. तुमच्या आईनं ऐकलं न्हाय, त्याला आमी काय करनार?”

स्मरणिकेची छापील प्रुफं समोर होती. तिसऱ्या पानावर मथळा होता: ‘गावात देवीची लस आणणारे सरपंच’. मी म्हटलं, इथं थोरलीबद्दल एक ओळ घाल.

“पुरावा काय?” तो म्हणाला. “आन नाव तरी काय हुतं तिचं?”

कार्डात नाव नव्हतं. मावशीला आणि आईला ते माहीत होतं, म्हणून लिहिलं नव्हतं. दोघीही आता नाहीत.

तो बनियनवर बसला होता. दंडावर देवीच्या लशीचे दोन वण होते, रुपयाएवढे, स्वच्छ. मी तार उचलली आणि निघाले. तो मागून म्हणाला, “चहा तरी घ्या की, आक्का.” मी घेतला नाही.