घड्याळ थांबेपर्यंत
जुन्या स्टॉपवॉचचं मागचं झाकण उघडलं, की तेलाच्या वासासरशी मला अंजूरचं ते अंगण आठवतं. लष्करी स्टॉपवॉच जमवायचा माझा नाद. तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका म्हाताऱ्याकडे स्विस बनावटीचं एक आहे असं कळलं, म्हणून भिवंडीहून रिक्षाने अंजूरला गेलो, तर दारात तिरडी बांधत होते. आत त्याच्या उशाशी ते घड्याळ टिकटिकत होतं. फौजेतली शिस्त म्हणून तो रोज चावी देऊन ते चालवायचा आणि आपोआप थांबल्यावरच डबीत ठेवायचा, नाहीतर स्प्रिंग ताणलेली राहते. त्या दिवशी घड्याळाच्या आधी तोच थांबला. "काकी, उचलायला पायजे," बाहेरून कुणीतरी म्हणालं. त्याची बायको हलली नाही. "घड्याल थांबू दे, मंग न्या." गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न वाजत राहिले, अंगणातली माणसं ताटकळत उभी राहिली. टिकटिक थांबली तेव्हा तिने घड्याळ पुसून डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि मगच ती रडली. मी कशाला आलो होतो, ते कुणी विचारलं नाही. हल्ली घड्याळं कपाटात ठेवायच्या आधी मी त्यातलं शेवटचं घड्याळ थांबेपर्यंत बसून राहतो. माझ्या बायकोला वाटतं, मी वेळ बघतोय.