वाल्मीकरावांची शिफारस

आमच्या सातपूरच्या कॉलनीत वाल्मीकराव समोरून येताना दिसले की शहाणी माणसं फोन कानाला लावायची. माणूस वाईट नव्हता हो. उसनं मागायचे नाहीत, नातवंडांचे फोटो दाखवायचे नाहीत. फक्त सुचवायचे. आपला दंड धरायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "आप्पा, एक मालिका सांगतो. सुरुवातीचे भाग सोडून द्या, सून माहेरून परत येते तिथून धरा. आणि सासू जिन्यात बसून लाडू खाते ना, तेव्हा तिच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघा."

कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ भर दुपारी ओट्यावर बसून कॉमिक्स वाचायचा. जुन्या बाजारातून गठ्ठे आणायचे आणि वाचून झाले की ज्याला जे शोभेल ते त्याला नेऊन द्यायचे. आमचे चेअरमन म्हणजे लग्नाच्या फोटोतही कपाळाला आठ्या असलेला माणूस. त्यांना वाल्मीकरावांनी एका झोपाळू राक्षसाचं कॉमिक्स दिलं. पुढच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना चेअरमन एकदम फुस्सकन हसले आणि नंतर खोकल्याचं नाटक करत बसले. प्रतिभा टीचरचा नवरा घर सोडून गेला (त्यावर माझ्याकडं सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण असो), तेव्हा सगळी कॉलनी बाईंना उपदेश करायला गेली. वाल्मीकरावांनी एक बासरीची कॅसेट दिली आणि वाजवायला स्वतःचा टेपही दिला. बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. मसाल्याचं तर विचारूच नका. खोबरं किती जाळायचं यावरून त्यांनी निम्म्या कॉलनीतल्या बायकांना नव्यानं स्वयंपाक शिकवला होता आणि बायका त्यांना शिव्या देत देत तसाच मसाला करायच्या.

त्यांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे सुचवलेल्या गोष्टीतलं वाईट ते कधी सांगायचे नाहीत. "वाईट सांगितलं की माणूस तेवढंच धरून बसतो," म्हणायचे, "आधी त्याला आत तर शिरू द्या." दुसरी सवय भयंकर. दुसऱ्या दिवशी विचारायला यायचे. एकदा मी थाप मारली, "मालिका झकास, शेवट तर फारच छान." ते म्हणाले, "कुठला शेवट आप्पा? ती अजून चालूय." त्यानंतर मी पण फोन कानाला लावू लागलो.

दुसऱ्या दिवशीच्या त्या चौकशीत थाप मारताना कधीच न सापडलेला एकच माणूस होता, सहादू. वाल्मीकरावांच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. एकाच कंपनीत एकाच शिफ्टला दोघांचा जन्म गेला. सहादू मूळचा नांदगावकडचा, मान खाली घालून बोलणारा. त्याला खोटं बोलता येत नसे, म्हणून तो वाल्मीकराव सांगतील ते सगळं करून टाकायचा. मालिका आवडली नाही तरी बघायचा, भाजी आवडली नाही तरी ताट पुसून खायचा. त्याची बायको सरुबाई म्हणायची, "भाऊजींनी विहीर सुचवली ना, तर आमचं येडं उडी मारंल आन् तळ कसा होता ते सांगाया वर येईल!" सहादू हसायचा. वाल्मीकराव सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

गेल्या वर्षी सहादूला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्याच होत्या. पण सकाळच्या एका टीव्हीच्या कार्यक्रमात एक बाई दुधी भोपळ्याचा कच्चा रस करून दाखवत होती, आणि तो वाल्मीकरावांनी पाहिला. झालं. त्याच दिवशी ओट्यावर त्यांनी सहादूला गाठलं. मी शेजारीच बसलो होतो.

"कच्चा?" सहादू म्हणाला, "कच्चा दुधी कोण खातं, वाल्मीक? ढोरं का आपण?"

"खायचा नाही रे, प्यायचा. पुदिना टाक, आल्याचा तुकडा, दोन मिरे. वरून लिंबू. सकाळी उपाशीपोटी. पिऊन तर बघ, महिन्यात साखर पळती का नाय!"

"मला नाय जमायचं."

"उद्या येतो विचारायला," वाल्मीकराव म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरुबाईनं दुधी किसला, फडक्यातून पिळला, पुदिना-आलं सगळं सांगितल्याप्रमाणं घातलं. सहादूनं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"लय कडू हाय गं."

"मग कारलं काय गोड असतंय? औषध हाय ते. नाक दाबा आन् प्या. आत्ता भाऊजी येतील इचारायला, काय सांगशाल?"

आपल्याकडं कडू म्हटलं की गुणाचं. पाडव्याला कडुलिंब खाऊन वाढलेली माणसं आपण. सहादूनं डोळे मिटून पेला रिकामा केला. तळाशी राहिलं होतं त्यात पाणी घालून तेही प्याला.

दुपार व्हायच्या आत त्याला उलट्या सुरू झाल्या, मग उलटीतून रक्त. रिक्षात घालून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. आतून डॉक्टर आले आणि सरुबाईला म्हणाले, "रस कडू होता का? कडू दुधी म्हणजे विष असतं, मावशी. जीभ लावून बघायचा आणि कडू लागला की फेकायचा. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

सरुबाईनं मान हलवली, नाही म्हणून. वाल्मीकराव तिच्या मागं, भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यांनी घेतली आणि हातात तशीच धरून ठेवली.

सहादू दोन दिवसांनी गेला.

दहावं झालं, तेरावं झालं, आणि सरुबाईनं अन्न सोडलं. मुद्दाम नाही. घास तोंडात गेला की परत यायचा. एकच जप चाललेला, "कडू हाय म्हणत होते. मीच म्हणलं प्या. म्या माझ्या हातानं पाजलं." त्यात आमची कॉलनी! समाचाराला येणाऱ्या बायका दारात चपला घालताना हळूच म्हणायच्या, "चव तरी बघायची होती हो." सुईसारखं टोचून घरी जायच्या आणि पोटभर जेवायच्या. पुढं सरुबाई मोरीत पडली. सलाईन लावून घरी आणली, तरी दिवसभरात कपभर चहा, बस. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ही महिना काढणार नाही.

तिची सून तेजस्विनी माझ्याकडं रडत आली. "आप्पा, पेज नाही, वरण नाही, काही उतरत नाही घशाखाली. काय करू?"

मला एकच माणूस सुचला. वाल्मीकराव तेव्हापासून घरातच होते, टीव्ही बंद, कॉमिक्सचे गठ्ठे कॉटखाली. मी म्हटलं, "तुम्ही चेअरमनला हसवलंत, राव. सरुबाईच्या पोटात दोन घास जातील असं काहीतरी सांगा."

त्यांनी कॉटखालून बाहेर आलेला एक गठ्ठा पायानं आत सारला. मग म्हणाले, "तिला खायला सुचवून भागणार नाही, आप्पा. टीव्हीवरच्या त्या बाईनं सांगितलं होतं."

"काय?"

"चव बघा, कडू लागला तर फेका म्हणून. दोनदा सांगितलं तिनं. मीच सहादूला सांगितलं नाही. तो आधीच नको म्हणत होता, त्याला आयतं निमित्त झालं असतं."

आतून त्यांची बायको छायाबाई हात पुसत बाहेर आली.

"हे या घराच्या बाहेर जाता कामा नये," ती म्हणाली. "अहो, आपल्याला इथंच राहायचंय. तिचा पोरगा तापट. आणि आता सांगून सहादूभाऊजी परत येणारेत का?"

"ते नाही येणार," वाल्मीकराव म्हणाले. "पण ती पण चाललीय ना."

ते उठले. पायात चप्पल न घालताच शेजारच्या दारात गेले, आणि त्यांच्या मागं मी. सरुबाई कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"वहिनी, ते तुमच्यामुळं झालं नाही."

"उगा समजूत नका काढू, भाऊजी."

"समजूत नाही. मला माहीत होतं कडू रस प्यायचा नसतो. टीव्हीवर सांगितलं होतं. मी त्याला सांगितलं नाही. तो प्यायचा नाही म्हणून सांगितलं नाही."

सरुबाई हळूहळू वळली. हातावर जोर देऊन उठून बसली. तेजस्विनी आधाराला धावली, तर तिला हातानंच बाजूला केलं.

"डॉक्टर मला इचारत व्हते," ती म्हणाली, "तवा तुम्ही कुठं व्हता?"

"तुमच्या मागं."

"माझ्या मागं." तिनं मान डोलावली. "आन् मी हितं रोज मरत व्हते, तवा?"



ती उठली. वाळून काटकी झालेली बाई. तिनं दोन्ही हात त्यांच्या छातीवर ठेवून ढकललं. तिच्या अंगात मांजर हलवायचं बळ नव्हतं, आणि वाल्मीकराव चांगले भरलेले गडी. पण ती ढकलायची तसे ते एकेक पाऊल मागं सरकत गेले, उंबऱ्याबाहेर, ओट्यावर, ओट्याखाली. मग तिनं दार लावून घेतलं.

पुढचं मला दोन्ही घरांतून कळलं, जसं मला सगळंच कळतं. तेजस्विनी सांगत होती, दिवे लागायच्या वेळी आईंनी भाकरी मागितली. चटणी घेऊन बसल्या आणि एका घासामागं एक शिवी, वाल्मीकरावांचं नाव घेऊन, अशी मोठमोठ्यानं जेवल्या. रडत होत्या, ठसका लागत होता, पण घास परत आला नाही.

भिंत एकच. पलीकडं शब्द न् शब्द पोचत होता. छायाबाईनं त्या शिव्या घरात ऐकू येऊ नयेत म्हणून टीव्ही लावायला रिमोट उचलला, तर वाल्मीकरावांनी तिचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले, "जेवतेय ती."