पुढची कॅम्परव्हॅन

स्कॉटलंडच्या उत्तरेला आम्ही नवराबायको तंबू घेऊन गाडीने फिरत होतो. बेटावर जाणारी त्या दिवसाची शेवटची बोट गाठायची होती, आणि एकपदरी रस्त्यावर आमच्यापुढे एक म्हातारी बाई कॅम्परव्हॅन चालवत होती. चालवत कसली, ढकलत होती! वळण आलं की थांबायची, मेंढी दिसली की थांबायची. मागच्याला वाट द्यायला जागोजाग पासिंग प्लेस होत्या, पण ही एकीतही शिरेना. नवऱ्याने हॉर्न वाजवला, तर तिने खिडकीतून हात हलवला.

"टाटा करतेय मला!" तो करवादला.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटली होती. तो तावातावाने खाली उतरला, तर तीच समोर आली आणि तिने त्याचे दोन्ही हात धरले.

"सत्तराव्या वर्षी गाडी शिकले मी," ती म्हणाली. "असल्या रस्त्यावर एकटी पहिल्यांदाच आले. आरशात तुम्ही दिसलात की धीर यायचा. किती सांभाळून मागे राहिलात!"

आता हिला काय बोलणार, कप्पाळ! राग तसाच होता, पण काढायला जागा उरली नव्हती.

"उद्या बेटावर उतरल्यावर कुठे जाणार तुम्ही?" तिने विचारलं.

नवरा दात आवळून म्हणाला, "तुमच्या मागून."