फलाटाबाहेरचा लेडीज डबा

स्टेशनावरचे किस्से कुणी गोळा करत नाही. ते कोळशाच्या भुकटीसारखे आपोआप अंगावर बसतात. घरी येऊन पदर झटकावा, तर आणखी दोन पडतात.

मला पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं. शहात्तर साल. औरंगाबादच्या एका सरकारी कचेरीत मी तात्पुरती कारकून म्हणून लागले होते आणि जालन्याहून रोज ये-जा करणार होते. पहिल्याच सकाळी चौकशीच्या खिडकीतल्या बाबूंना विचारलं, गाडी कुठवर आली? बाबू मान वर न करता म्हणाले, "येऊन राह्यली."

आता मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. येऊन राह्यली म्हणजे अपूर्ण वर्तमानकाळ, क्रिया चालू आहे! जेवणाचा डबा छातीशी धरून मी पळत फलाटाच्या कडेला जाऊन उभी राहिले. ऊन वर आलं. बाकाखालच्या कुत्र्याने दोनदा कूस बदलली. शेवटी परत खिडकीशी गेले आणि म्हटलं, अहो, येतेय म्हणालात ना?

"मंग? येऊनच राह्यली. परतूरला हाय."

हळूहळू मला बाबूंचं व्याकरण कळलं. 'निघून राह्यली' म्हणजे इंजिनात अजून कोळसाच घातलेला नाही. 'येऊन राह्यली' म्हणजे मराठवाड्यात कुठेतरी आहे. 'आलीच' म्हणजे घरी जाऊन चहा घेऊन या. नलूताई म्हणायच्या, "त्या खिडकीवर एकच शब्द बराबर असतो बाई. 'गेली.'"

नलूताई औरंगाबादच्या दवाखान्यात नर्स. कित्येक वर्षं याच गाडीने जाणाऱ्या, आणि कुणालाही न घाबरणाऱ्या. मी मात्र इंजिनाने शिट्टी मारली तरी दचकायची. माझा डबा इतक्या वेळा खाली पडला होता की त्याचं झाकण लागेनासं झालं. शेवटी आई पोळ्या फडक्यात बांधून द्यायला लागली.

*

आणीबाणीच्या त्या वर्षी गाड्या वेळेवर धावतात असं पेपरात रोज छापून यायचं. आम्ही ते फलाटावर बसून सावकाश वाचायचो. पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत.

तुम्ही हसाल. मला हसू यायचं नाही. मी रुजू झाले त्याच दिवशी आमच्या साहेबांनी बजावलं होतं, कायम व्हायचं असेल तर उशीर चालणार नाही. आणि आमच्या बुद्धविहारामागच्या गल्लीत कचेरीत खुर्चीवर बसणारी मी पहिली मुलगी. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते चौकात कुणी न विचारताच सांगायचे, "आमची पोरगी सरकारी हापिसात हाय." ती खुर्ची राहणार की जाणार, हे ही गाडी ठरवणार! साहेबांना काय सांगू? येऊन राह्यले होते म्हणून?

*

बरं, गाडी आली तरी आमची आली असं नव्हतं. लेडीज डबा थेट इंजिनामागे, आणि गाडी थांबली की तो फलाट संपल्यावर पुढे, खडीवर उभा. साडी सावरत, एकमेकींना हात देत आम्ही कमरेएवढ्या उंच पायरीवर चढायचो. तिथेच इंजिनाला पाणी भरायचा नळ. त्याची सोंड वळवली की उरलेलं पाणी आमच्यावर.

एक दिवस डोक्यापासून भिजल्यावर आम्ही दोघी तशाच स्टेशनमास्तरांपुढे उभ्या राहिलो. नलूताईंनी विचारलं, लेडीज डबा मधे का जोडत नाही?

मास्तरांनी समजूत घातली, "ताई, इंजिनाजवळ ठिवला की डायवरचं लक्ष राहतं. तुमच्या सुरक्षेसाठीच हाय."

"लक्ष राहतंय," नलूताई पदर पिळत म्हणाल्या, "म्हणूनच नेम चुकत नाही."

*

एकदा डब्यात पाय ठेवला तर आत सगळे पुरुष. धावडा गावाकडचं वऱ्हाड होतं. बाकांवर फेटे, खाली ट्रंका, दाराशी ताशेवाला. त्याने माझ्या कानाशी सहज एक टिपरी हाणली आणि मी किंचाळले. त्यावर हसले सगळे. दचकणाऱ्या बाईला पाहून माणसांना एवढं काय सुख होतं कोण जाणे.

नलूताईंनी टीसीला हाताला धरून आणलं. बाहेर लिहिलेलं वाचून दाखवलं. टीसीने वऱ्हाडाला दरडावलं, तर त्यांनी कोपऱ्यातली एक म्हातारी पुढे केली. नवरदेवाची आत्या. टीसी विचारात पडला.

"एक लेडीज हाय ना आत? मंग डबा लेडीजचाच झाला की," असं म्हणून तो उतरून गेला.

औरंगाबादपर्यंत आम्ही दोघी उभ्या. आत्या बसून होती आणि सारखी विचारत होती, "पोरीहो, तुम्ही कोनाकडच्या? नवरीकडच्या का?"

*

पुढे स्टेशनात भोंगा बसवला. आता गाडीची खबर माईकवरून मिळणार होती. पहिल्याच दिवशी तो माझ्या डोक्यावर असा खरखरला की फडक्यातल्या पोळ्या रुळांवर गेल्या. त्यानंतर मास्तरांचा आवाज आला, पण तो आमच्यासाठी नव्हता. माईक बंद करायचा राहिला होता. अख्ख्या फलाटाने ऐकलं, मास्तर बाबूंना सांगत होते, "त्या लेडीजला काय रोज रोज सांगत बसतो? न्हाई सांगितलं तरी थांबतेतच त्या. जातेत कुठं?"

नलूताई ताडताड खिडकीशी गेल्या.

"मास्तर, ऐकू आलं बरं का."

मास्तरांचा चेहरा उजळला. "फलाटाच्या टोकापर्यंत? मंग तर एकदम बराबर चालून राह्यला!"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी अजून घरी सांगितलेला नाही.

कायम करण्यासाठीची मुलाखत दुपारी होती. दादांनी आदल्या दिवशी माझी पांढरी साडी स्वतः परिटाकडून आणली होती. नलूताईंची नेमकी सुट्टी. फलाटावर कोळशाची धूळ उडत होती आणि साडीला डाग लागायला नको होता, म्हणून गफूरचाचांना म्हटलं, लेडीज वेटिंग रूम उघडून द्या. हे स्टेशनातले जुने हमाल. त्यांनी कुलूप काढलं.

आत बाजरीच्या बियाण्याच्या पोत्यांच्या थप्प्या, थेट छतापर्यंत. पार्सल ऑफिसात जागा नव्हती म्हणे. बायकांची खोली रिकामीच तर असते! दाराशी एक खुर्ची टेकवायपुरती जागा उरली होती.

"बैठो बेटा," चाचा म्हणाले, "गाडी आई की आवाज देतूं." आणि गेले. जाताना सवयीने बाहेरून कुलूप लावून गेले. बियाण्याची जिम्मेदारी त्यांच्यावर, माझी कुणावरच नाही.

मला कळलं ते गाडी धडधडत आत आल्यावर. दार हलेना. खिडकीला बारीक जाळी. त्यातून मला सगळं दिसत होतं. माणसं उतरत होती, चढत होती. मी जाळीवर मूठ आपटली. अहो दार उघडा, माझी मुलाखत आहे! एका गृहस्थांनी थांबून नीट ऐकून घेतलं, चावी मास्तरांकडे असते अशी माहिती दिली आणि ते गाडीत चढले. चाचांना हाका मारल्या. मास्तरांना मारल्या. वर भोंगा खरखरत होता, त्यात माझा आवाज कुठला ऐकू जाणार?

गार्डाची शिट्टी झाली. इंजिनाने उत्तर दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी दचकले नाही. दोन्ही हातांनी दार बडवत, घसा फाटेपर्यंत ओरडले, "कुणी आहे का? अहो, कुणी तरी ऐका!"

तेव्हा कुठे उत्तर आलं. बाहेरून नाही. माझ्या पाठीमागून, पोत्यांच्या थप्पीपलीकडून, एका बाईचा झोपाळलेला, चिडलेला आवाज:

"ओरडू नको गं माय. रातभर हाका मारून मारून आत्ता कुठं डोळा लागल्ता."